ओपन-फेस्ड रोस्ट बीफ सँडविच घरी करताना मांस चिवट, ग्रेव्ही फिकट आणि ब्रेडचा लगदा का होतो?

प्रश्न इंडियानातल्या कोलंबसहून, मूळच्या पुण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या बँडबरोबर बाहेरगावी गेला होता, तिथे एका डायनरमध्ये त्याने बीफ मॅनहॅटन खाल्लं. म्हणजे पांढऱ्या ब्रेडवर रोस्ट बीफ, मधोमध मॅश केलेला बटाटा आणि सगळ्यावरून तपकिरी ग्रेव्ही. तेव्हापासून त्याचा एकच धोशा, घरी कर. ताईंनी तीनदा केलं. आय ऑफ राउंडचा तीन पौंडांचा तुकडा काचेच्या बेकिंग डिशमध्ये ठेवून, वरून फॉइल लावून, ३५० डिग्रीवर दोन तास. मांस चिवट आणि कोरडं झालं. ग्रेव्ही फिकट, गुठळ्यांची, कच्च्या मैद्याच्या वासाची. ब्रेडचा लगदा. प्रश्नाची शेवटची ओळ अशी आहे: मी स्वतः बीफ खात नाही, त्यामुळे चव बघता येत नाही, नेमकं कुठे चुकतंय?

ताई, जे आपण खात नाही ते मुलासाठी तीन-तीनदा करून बघायचं, याला माया लागते. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वसईचा. आमच्या घरात बीफ पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलं आहे. मुंबईत हॉटेलच्या किचनमध्ये सहा वर्षं काढली, मग बोटीवर, आणि गेली एकोणीस वर्षं इंडियानापोलिसच्या आसपास डायनरच्या किचनमध्येच आहे. हे सँडविच माझ्या हातून किती हजार गेली असतील त्याचा हिशेब नाही. खाली सगळं तापमान फॅरनहाइटमध्ये देतो, कारण तुमच्या ओव्हनवर तेच आकडे आहेत.

तुमचा प्रश्न तीन तक्रारींचा दिसतो, पण मुळात गडबड एकच आहे. रोस्ट बीफ दोन पद्धतींनी होतं आणि तुम्ही त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये अडकलात. पहिल्या पद्धतीत मांस आतून गुलाबी असतानाच काढतात आणि कागदासारखं पातळ कापतात. दुसरीत झाकण लावून, रसात, तासन्‌तास शिजवतात, इतकं की काटा फिरवला की धागे सुटावेत. पहिलीला मागच्या पायाचं, बिनचरबीचं मांस लागतं, तेच आय ऑफ राउंड. दुसरीला खांद्याचं, आत चरबीच्या आणि पांढऱ्या पडद्यांच्या रेषा असलेलं मांस लागतं, त्याला इथे चक रोस्ट म्हणतात. तुम्ही पहिल्या पद्धतीचं मांस आणलंत आणि दुसऱ्या पद्धतीने शिजवायला घेतलंत, तेही अर्धवट.

असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जाईल. मांसाचे धागे तापले की आकसतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. १४० डिग्रीच्या पुढे हे जोरात सुरू होतं, १६०-१७० पर्यंत तुकडा बराचसा कोरडा झालेला असतो. ही गोष्ट दोन्ही मांसांत होते. फरक इतकाच की चकमध्ये त्या धाग्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन भरपूर असतं. १६० च्या वर बराच वेळ राहिलं की ते हळूहळू विरघळतं, त्याचं जिलेटिन होतं, आणि कोरड्या झालेल्या धाग्यांमध्ये ते चिकट, ओशट होऊन पसरतं. तोंडात जो मऊपणा लागतो तो त्याचा. आय ऑफ राउंडमध्ये विरघळायला फारसं काही नसतंच. ३५० वर दोन तासांत तुमचा तुकडा आतून १८० च्या घरात गेला असणार. पाणी गेलं, बदल्यात काही आलं नाही. वर फॉइल असल्यामुळे तो भाजलाही नाही, वाफेवर उकडला. म्हणून रंग नाही, आणि रंग नाही म्हणून ग्रेव्हीला चव नाही. तिन्ही तक्रारी अशा एकाच दोरीत ओवलेल्या आहेत.

गुलाबी रोस्टही चांगलं लागतं, पण तुम्हाला मी ते सुचवणार नाही. त्याला थर्मामीटरवर डोळा ठेवून बसावं लागतं, काप अगदी पातळ पडले नाहीत तर सगळं वाया जातं, आणि अमेरिकन कृषी खात्याचा अखंड तुकड्यासाठीचा सुरक्षित आकडा १४५ डिग्री आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती असा आहे. बरेच शेफ त्याच्या खालीच काढतात. घरात मूल आहे आणि चाखून अंदाज घेणारं कोणी नाही, तिथे ही तारेवरची कसरत नको. शिवाय मुलाने जे खाल्लं ते बहुधा दुसऱ्याच पद्धतीचं असणार. इंडियानाच्या गावागावांतल्या डायनरमध्ये मॅनहॅटनसाठी मऊ शिजवलेलं मांसच मिळतं. मिनेसोटात याच्याच भावंडाला काही ठिकाणी हॉट बीफ कमर्शियल म्हणतात, साउथ डकोटात नुसतं हॉट बीफ. नावं वेगळी, घाट तोच. त्याला एकदा विचारा, मांस काट्याने तुटत होतं की सुरीने कापावं लागत होतं? काट्याने म्हणाला तर चक आणा.

चक घेताना तुकडा जाड बघा, दोन-अडीच इंचांचा तरी. पातळ तुकडा ढासळतो, त्याचे काप पडत नाहीत. आत पांढऱ्या रेषा सगळीकडे पसरलेल्या हव्यात. एकाच जागी चरबीचा गोळा असलेला तुकडा परत ठेवा. तीन पौंड, म्हणजे साधारण १३५० ग्रॅम घ्या. शिजल्यावर दोन पौंडांच्या आसपास उरेल, त्यात पाच-सहा पानं होतात.

आता मीठ. तुम्ही चव बघणार नाही, म्हणून हा भाग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. चवीऐवजी वजनावर विश्वास ठेवा. मांसाच्या वजनाच्या एक टक्का मीठ. १३५० ग्रॅमला साडेतेरा ग्रॅम. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर तो वापरा, कारण कोशर, म्हणजे जाड दाण्याच्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात खूप फरक असतो. काटा नसेल तर बारीक मीठ, पाच मिलिलिटरच्या छोट्या चमच्याने सपाट सव्वादोन चमचे. आदल्या रात्री सगळ्या बाजूंनी चोळा आणि तुकडा ताटलीतल्या जाळीवर, न झाकता, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. मीठ आधी पाणी ओढतं, मग तेच खारट पाणी आत मुरतं. सकाळपर्यंत वरचा भाग सुकून गडद होतो. तोच हवा आहे.

दुसऱ्या दिवशी भांडं जड बुडाचं आणि घट्ट झाकणाचं घ्या. बिडाचं डच ओव्हन असेल तर उत्तम. काचेची डिश या कामाला नको. आणि कृपा करून ती कधीही शेगडीवर ठेवू नका, तडकून फुटते. तुकडा कागदाने पुन्हा कोरडा करा, एक मोठा चमचा तेल तापवा आणि मध्यम-मोठ्या आचेवर दोन्ही मोठ्या बाजू पाच-पाच मिनिटं भाजा. कडाही फिरवून घ्या. घाई नको, हलवत बसू नका. तुकडा तळाला चिकटलेला वाटला तर अजून तयार नाही असं समजा. नीट भाजला की आपोआप सुटतो.

भाजल्याने रस आत कोंडला जातो असं बहुतेकांना वाटतं. ती कल्पना एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडली होती, आणि ती चुकीची ठरली. भाजलेला तुकडाही तितकाच रस सोडतो, पॅनमध्ये तो चरचर आवाज त्या रसाचाच असतो. भाजायचं ते चवीसाठी. कोरड्या पृष्ठभागावर तीनशे डिग्रीच्या आसपास प्रथिनं आणि साखर यांच्यात जी रासायनिक क्रिया होते तिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांचं नाव आहे. १९१२ मध्ये त्यांनी तिच्याबद्दल लिहिलं. भाकरी तव्यावर पडली की जो वास सुटतो तो हाच. ओलं मांस मात्र २१२ च्या वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते. म्हणून तो कागद, म्हणून रात्रभर उघडं ठेवणं.

तुकडा काढून ठेवा. त्याच भांड्यात दोन मोठे कांदे उभे चिरून, एक गाजर, सेलरीचे दोन दांडे. कांदा नीट तपकिरी होऊ द्या, मटणाच्या वाटणाला भाजतो तसा. मग एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, तीही मिनिटभर परता, तिचा लाल रंग विटकरी झाला पाहिजे. आता तीन कप बीफ स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी, घाला आणि लाकडी उलथन्याने तळाची खरपुडी खरवडून काढा. ही खरपुडी म्हणजे तुमच्या ग्रेव्हीचा रंग आणि अर्धी चव. ती जळून काळी पडली असेल तर मात्र टाकून द्या, भांडं धुऊन नुसता कांदा नव्याने परता. कडवटपणा नंतर कशानेही जात नाही.

स्टॉक बिनमिठाचा घ्या. साध्या पाकिटातल्या एका कपात आठशे-नऊशे मिलिग्रॅम सोडियम सहज असतं, तो आटला की ग्रेव्ही खारट होते, आणि चव न बघणाऱ्याला ते ताटात वाढेपर्यंत कळत नाही. एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, एक तमालपत्र, थाइमच्या दोन काड्या, आठ-दहा मिरी. तुकडा परत आत ठेवा. रस त्याच्या अर्ध्या उंचीपर्यंत आला पाहिजे, वरचा भाग उघडा राहिला पाहिजे. झाकण लावा, ओव्हन ३०० वर, तीन ते साडेतीन तास. दीड तासाने एकदा उलटा.

किती वेळ हे तुकड्यावर अवलंबून आहे. जनावराचं वय, तुकड्याची जाडी, तुमचं ओव्हन खरं किती तापतं, सगळ्याने फरक पडतो. म्हणून घड्याळ बघून काढू नका. दोन दातांचा काटा मधोमध घाला आणि पाव फेरा फिरवा. धागे विनातक्रार बाजूला झाले तर झालं. काटा फिरवताना तुकडा अख्खा बरोबर फिरला तर अजून अर्धा तास. थर्मामीटर असेल तर २०० ते २०५ च्या मध्ये तो आकडा येतो. १८० ला चक अतिशय चिवट असतं आणि नेमक्या त्या टप्प्यावर लोक घाबरून काढतात. त्यांना वाटतं जास्त शिजलं. खरं तर कमी शिजलेलं असतं. आमच्याकडे नाताळला आजी मोठं टोप चुलीवर ठेवायची, झाकणावर निखारे घालायची, आणि मधे कोणी झाकण उघडलं तर रागवायची. गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतही रोस्ट असंच झाकून, आपल्याच रसात करतात. मसाले वेगळे, पण कोलॅजनला वेळ द्यायचा हे दोन्हीकडे सारखंच.

यापुढचं डायनरच्या किचनमधलं आहे आणि घरी सहसा कोणी करत नाही. मांस गरम असताना कापू नका. रसासकट कोमट होऊ द्या, शिजल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका, आणि रात्रभर विसरून जा. गरम चक सुरीखाली फाटतं, त्याचा चुरा होतो. थंड झालं की जिलेटिन घट्ट होतं आणि सुरी लोण्यातून गेल्यासारखी जाते. करंगळीच्या जाडीचे काप पाडा, धाग्यांना आडवे. धागे कुठून कुठे जातात ते आधी नीट बघा. चकमध्ये दोन-तीन स्नायू असतात आणि त्यांची दिशा वेगवेगळी असते, म्हणून तुकडा आधी शिवणीवर मोकळा करून मग एकेक भाग कापा. आडवं कापल्यावर प्रत्येक धागा आखूड होतो, दातांना तोडायला काही उरत नाही. वर जमलेला चरबीचा पांढरा थर चमच्याने काढून वाटीत ठेवा, ग्रेव्हीला लागेल.

खालचा रस जेलीसारखा थरथरत असेल. तो जरा गरम करून गाळा. भाज्या दाबून घ्या, पण गाळणीतून गर ढकलू नका. रस मोजा, चार कपांना जितका कमी पडेल तितका बिनमिठाचा स्टॉक घाला.

ग्रेव्हीच्या गुठळ्यांचं कारण तुम्हाला पिठल्यावरून लगेच कळेल. कोरडं पीठ सरळ उकळत्या पाण्यात टाकलं की बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. हीच गुठळी. मैद्याचा प्रत्येक कण आधी चरबीने माखला की कण एकमेकांना चिकटत नाहीत, सुटे सुटे फुगतात. त्यासाठी चार कप रसाला साठ ग्रॅम चरबी आणि साठ ग्रॅम मैदा. मैदा म्हणजे इथला साधा ऑल-पर्पज, अर्धा कप भरतो. चरबी काढून ठेवलेल्या थरातली, कमी पडेल तिथे लोणी. मंद-मध्यम आचेवर सहा-आठ मिनिटं सतत हलवत भाजा. याला आम्ही रू म्हणतो. बेसनाचे लाडू तुम्ही केले असतील. बेसन भाजताना एका क्षणी कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो आणि हात हलका होतो, तसाच क्षण इथेही येतो, फक्त वास बेसनाचा नसून भाजलेल्या बिस्किटाचा असतो. रंग शेंगदाण्याच्या टरफलासारखा आला की थांबा. याहून गडद केलात तर चव वाढते पण दाटपणा कमी होतो, कारण भाजताना स्टार्च मोडत जातं. तुमच्या ग्रेव्हीला जो कच्चा वास येत होता त्याचं उत्तर याच आठ मिनिटांत आहे.

आता कोमट रस पळीभर घाला आणि व्हिस्कने जोरात फिरवा. आधी घट्ट गोळा होईल. घाबरू नका, आणखी एक पळी. तिसऱ्या-चौथ्या पळीला तो गुळगुळीत लापशीसारखा होतो, त्यानंतर उरलेला रस बारीक धारेने सोडता येतो. एक उकळी येऊ द्या, कारण मैद्याचा पूर्ण दाटपणा उकळीजवळच येतो, त्याआधी पातळ वाटली म्हणून मैदा वाढवू नका. मग मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. चमच्याची पाठ बुडवून बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली, कडा ओघळल्या नाहीत, तर ग्रेव्ही झाली. दाट झाली तर स्टॉक घाला, पातळ असेल तर आणखी पाच मिनिटं उघडी ठेवा. तरीही गुठळ्या राहिल्या तर गाळून घ्या. मीही गाळतो.

चवीचं काय? मिठाचा हिशेब तुम्ही आधीच वजनाने केला आहे. मांसावरच्या साडेतेरा ग्रॅमपैकी बराचसा भाग रसात उतरलेला असतो, पण स्टॉक बिनमिठाचा असल्यामुळे ग्रेव्ही जरा अळणी असणार. अंदाजे अर्धा छोटा चमचा मीठ आणखी लागेल. ते घालायच्या आधी मुलाला ओट्याशी बोलवा. त्याला एका चमच्यात ग्रेव्ही फुंकून द्या आणि विचारा, मीठ हवं का, आंबट हवं का. अळणी म्हणाला तर मीठ. ‘काहीतरी कमी आहे’ म्हणाला पण सांगता येईना, तर ॲपल सायडर व्हिनेगरचा पाव चमचा. चरबीच्या पदार्थाला थोड्या आंबटाने जाग येते, आमटीला आमसुलाने येते तशी. चौदा वर्षांचं पोर आहे, जीभ तरतरीत असते, आणि हा पदार्थ त्यानेच खाल्लेला आहे. तुमच्या घरात या ग्रेव्हीचा जाणकार तोच आहे. मला स्वतःला हे फार आवडेल, की आई करते आहे आणि मुलगा चव सांगतो आहे.

काप ग्रेव्हीत गरम करताना एक चूक मी इथे नवीन असताना केली होती, ती सांगतो. रविवारी चर्च सुटल्यावर डायनर एकदम भरतं. मी वेळ वाचावा म्हणून सगळे काप सकाळीच ग्रेव्हीत टाकून उकळत ठेवले. साडेअकरापर्यंत काप राहिलेच नव्हते, नुसते दोरे तरंगत होते आणि ग्रेव्ही तुपकट होऊन फाटली होती. त्या दिवशी बारा पानं परत आली. शिजलेलं मांस पुन्हा उकळलं की जिलेटिन धाग्यांतून निघून ग्रेव्हीत जातं, मागे नुसती कोरडी सुतं उरतात. म्हणून पसरट पॅनमध्ये थोडी ग्रेव्ही घ्या, काप एका थरात मांडा, झाकण ठेवा, आणि बुडबुडे येऊ न देता आठ-दहा मिनिटं. काप आतून १६५ ला पोचले पाहिजेत, शिळं गरम करताना तोच आकडा धरायचा.

मॅश बटाट्यावर फार लिहीत नाही. रसेट जातीचे दोन पौंड बटाटे, सोलून, मिठाच्या थंड पाण्यापासून उकडायला लावा. निथळल्यावर गरम भांड्यातच मिनिटभर कोरडे होऊ द्या, मग हाताने मॅश करा, शंभर ग्रॅम लोणी आणि पाऊण कप गरम दूध. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर अजिबात नको, बटाट्याचा डिंक होतो. हा मॅश जरा घट्टच ठेवा, कारण त्याला ग्रेव्हीचं तळं सांभाळायचं आहे.

ब्रेडबद्दल आधी एक समजून घ्या. हा ब्रेड मऊ व्हायचाच असतो. हे सँडविच हातात धरून कोणी खात नाही, काटा-सुरीने खातात, आणि खालचा ग्रेव्ही प्यायलेला ब्रेड हा बऱ्याच गिऱ्हाइकांचा सगळ्यात आवडता भाग असतो. मिसळीत बुडवलेला पाव आठवा, शेवटचा घास तोच चांगला लागतो. त्यामुळे कुरकुरीत ठेवायच्या मागे लागू नका. फक्त लगदा आणि मऊ यांत दोन मिनिटांचं अंतर आहे. साधा पांढरा ब्रेड घ्या, पण जाड कापाचा, दुकानात टेक्सास टोस्ट म्हणून मिळतो तो. एक दिवस शिळा असेल तर आणखी चांगला. पारंपरिक मॅनहॅटनला ब्रेड न भाजताच घेतात. मी एकाच बाजूने लोण्यात भाजतो आणि ती बाजू ताटलीकडे ठेवतो. ताटलीत साचणाऱ्या ग्रेव्हीपुढे ती तग धरते आणि वरची मऊ बाजू मांसाला धरून राहते.

मांडणीही सांगतो, कारण लगद्याचं खरं कारण बहुधा तिथेच आहे. ताटल्या ओव्हनमध्ये २०० वर गरम करून ठेवा. मुलगा आणि बाकी मंडळी टेबलावर बसली की मगच ब्रेड ताटलीत घाला. एका पानाला दोन काप, प्रत्येक तिरका कापलेला. दोन्ही बाजूंना ब्रेड, मधे मॅशचा गोळा, त्यात पळीच्या पाठीने खळगा. ब्रेडवर मांस, चार-पाच औंस पुरे. ग्रेव्ही आधी मॅशच्या खळग्यात, मग मांसावर, ब्रेडवर सरळ नाही. ती कडेने आपोआप उतरते. वर ताजी मिरी. आमच्या किचनमध्ये ब्रेड ताटलीत पडल्यापासून पान गिऱ्हाइकासमोर जाईपर्यंत दीड मिनिट लागतं. घरी तीन लागली तरी चालतील. पण सगळी पानं मांडून ओट्यावर ठेवली आणि मग हाका मारत बसलात, तर ब्रेड कुठलाही आणा, लगदा होणारच.

वेळेचा मेळ मी असा घालीन: शुक्रवारी रात्री मीठ, शनिवारी दुपारी ओव्हन, शनिवारी रात्री फ्रिज, रविवारी सकाळी कापणं आणि ग्रेव्ही, दुपारी पान. प्रत्यक्ष उभं राहायचं काम दोन तासांचं, बाकी सगळं ओव्हन आणि फ्रिज करतात.

इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर, असेल तर चालेल, पण भाजण्याची पायरी तरीही करा, शक्यतो वेगळ्या जड पॅनमध्ये. तुकड्याचे दोन-तीन भाग करा, स्टॉक दीड कपच घ्या कारण त्यात पाणी आटत नाही, हाय प्रेशरवर ६५ मिनिटं, आणि नंतर वीस मिनिटं वाफ आपोआप जाऊ द्या. वाफ एकदम सोडलीत तर आतला रस खवळून उकळतो आणि मांस सुकतं. ओव्हनइतकी खोल चव येत नाही. कामाच्या दिवशी मात्र सोय होते.

वसई-मुंबईकडची मंडळी हे वाचतील, त्यांच्यासाठी थोडंसं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे बाजारात कायदेशीरपणे मिळतं ते म्हशीचं मांस. ते जास्त गडद आणि कमी चरबीचं असतं. त्याला गुलाबी पद्धत लावू नका. खांद्याचा भाग मागा, मीठ एक टक्काच ठेवा, आणि ग्रेव्हीला लोणी घ्या, कारण वर तरंगणारी चरबी पुरेशी निघत नाही. काट्याची कसोटी तीच.

उरलेलं मांस काप न पाडता, रसात बुडवून ठेवलं तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. ग्रेव्ही फ्रीझरमध्ये चालते. वितळल्यावर फाटल्यासारखी, पाणी सुटल्यासारखी दिसेल. मंद आचेवर व्हिस्क फिरवा, एक पळी गरम स्टॉक घाला, ती पुन्हा एकजीव होते. आणि घरात आय ऑफ राउंडचा चौथा तुकडा आणून ठेवलेला असेल, तर तो या पदार्थाला वापरू नका. अर्धवट गोठवून अगदी पातळ पट्ट्या कापा आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं सिमला मिरचीबरोबर परता, मुलगा पोळीत गुंडाळून खाईल.